सुकतीचा तांडेल

‘मोमेंट’ला मराठीत काय म्हणतात असं मला त्या काळी कुणी विचारलं असतं, तर मी न अडखळता ‘क्षण’ म्हणून सांगितलं असतं. शब्दकोशात तेच आहे. म्हणून बेलापूरच्या समाजमंदिरात, साठ-सत्तर माणसांसमोर, दिल्लीहून आलेल्या निरीक्षकांचा इंग्रजी प्रश्न मी मराठीत सांगितला तो असा: “या क्षणाला आपले नेते योग्य आहेत का?”

मागून कुणीतरी म्हणालं, “या क्षणाला तर ते झोपले असतील, ताई. रविवार हाय आज.”

सगळं समाजमंदिर हसलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वडील पुढच्या रांगेतून अर्धवट उठले आणि म्हणाले, “क्षण नव्हे गं, काळ. सध्याच्या काळाला शोभतात का, असं विचारतायत साहेब.” निरीक्षकांनी मला हळूच विचारलं, लोक का हसले? मी म्हटलं, काही नाही, असंच. माझे कान तापले होते. आज पुन्हा कुणाला हसू द्यायचं नाही, एवढं मी त्याच वेळी मनाशी ठरवून टाकलं. पुढचं सगळं त्या ठरवण्यातून झालं.

वडील तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि पक्षाचे शहर चिटणीस. पक्ष विरोधातला. आम्ही मुंबईतून वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मी आठवीत होते. वडिलांचं शिक्षण मराठीत, रात्रशाळेत झालेलं. त्यांनी हट्टाने मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. घरी मी मराठीच बोलत असे, पण ती स्वयंपाकघरातली मराठी. एकोणसाठ म्हटलं की मनात आधी बोटं मोजावी लागत. ही गोष्ट मी कुणाला कळू देत नसे. गप्प राहिलं की लोक लाजाळू समजतात, ते मला सोयीचं होतं.

मी कॉलेजात असताना झालेल्या निवडणुकीत समोरच्या पक्षाची लाट आली आणि आमचे इतके थोडे आमदार उरले की, वडील म्हणायचे, त्यांना विधानसभेत दोन बाकं पुरे. त्या दोन बाकांवरच्या माणसांचे नेते म्हणजे घाटावरचे एक जुने शाळामास्तर. सत्तरीला आलेले. गेली कित्येक वर्षं विधानसभेत पक्षाचं नेतृत्व तेच करत होते. आवाज बारीक. भाषणापेक्षा प्रश्न विचारण्यावर भर. कोणता प्रश्न कोणत्या नियमाखाली टाकला म्हणजे मंत्र्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं, हे त्यांना पाठ. खाडीकाठच्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, मासे उतरवायच्या जागा गेल्या, त्याबद्दलचे प्रश्न तेच टाकत. त्या उत्तरांच्या छापील प्रती वडिलांकडे फाइलला लावलेल्या असत.

पण पक्षात कुजबुज सुरू झाली होती. आता काळ बदलला, असा माणूस चालायचा नाही, गरजणारा पाहिजे. दिल्लीच्या मंडळींनी ठरवलं की कार्यकर्त्यांना विचारू. त्यासाठी निरीक्षक आले. ते दक्षिणेतले, मराठी नाही, हिंदी जेमतेम. वडिलांनी अभिमानाने सांगितलं, “आमची मुलगी आहे ना. फाडफाड इंग्रजी बोलते.”

तर त्या रविवारी सकाळी मी निरीक्षकांच्या शेजारी लोखंडी खुर्चीवर बसले होते. त्यांच्या मांडीवर निळी वही. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. एकेक जण उठून बोलत होता आणि मी इंग्रजी करत होते.

दिघ्याहून आलेला एक कामगार म्हणाला, “आपले म्हातारे साहेब चांगले आहेत, वाद नाही. पण पेपरात फोटो कोणाचा येतो? जो माईक फोडतो त्याचा. आपला माणूस कागद वाचतो. कागदाचा फोटो कोण काढणार?”

“कागद वाचतो म्हणून तर उत्तर मिळतं,” कुणीतरी बसल्या जागेवरून.

“उत्तराचं काय लोणचं घालू? कारखाना बंद पडला तो उघडला का उत्तरानं?”

“मग माईक फोडून उघडला असता काय रे?”

हे सगळं मी नीट सांगितलं. लोणचंसुद्धा. मला स्वतःला त्या कामगाराचं पटत होतं. हे लिहायलाच हवं. नेते दोनदा आमच्या घरी जेवले होते. दुसऱ्या वेळी माझी कॉलेजची मैत्रीण आली होती आणि ते तिच्याशी कौतुकाने इंग्रजीत बोलायला गेले: “आय ॲम नोइंग युवर फ्रेंड फ्रॉम स्मॉल.” मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. तेव्हापासून मला वाटे, हा माणूस आता जायला हवा. का, ते मी तपासलं नव्हतं. राजकीय मत आहे असंच मी समजत होते.

मग दिवाळे गावातली मावशी उठली. सगळे तिला मावशीच म्हणत. साठीची कोळीण, अंबाड्यात अबोलीचा गजरा. मासे उतरवायच्या धक्क्यासाठी बायकांचा मोर्चा निघाला तेव्हा सगळ्यात पुढे ती होती आणि तिच्या मागणीचा प्रश्न नेत्यांनी विधानसभेत लावून धरला होता. ती काय बोलते याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. ती पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली:

“आमचा म्हातारा सुकतीचा तांडेल हाय. भरतीला काय, कोन पन होरी हाकील. सुकतीला चिखलातून वाट काढनारा एकच आसतो.”

बोलताना तिने दोन्ही हातांनी हवेत एक लांब बांबू रोवल्यासारखं केलं. मागच्या बायकांनी माना डोलावल्या. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

होरी म्हणजे होडी हे मला कळलं. तांडेल म्हणजे होडीवालाच कुणीतरी असणार. म्हातारा म्हणजे नेते हे कळलं, चिखल कळला. ‘सुकती’ मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. सुकणं. सुकट. दिवाळ्याला गेलं की बांबूंवर वाळत टाकलेले बोंबील दिसतात, ते माझ्या डोळ्यांसमोर आले. भरती आणि ओहोटी ही जोडी शाळेच्या पुस्तकात होती. भरतीची जोडी आणखी कशाशी लागते हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि ‘भरतीला’ हा शब्द माझ्या कानावरून नुसता गेला.

निरीक्षकांनी पेन उचललं. मी वडिलांच्या खुर्चीकडे पाहिलं, ती रिकामी होती. विचारायला हवं होतं. “मावशी, सुकती म्हणजे काय?” एवढे चार शब्द. पण चिटणिसाच्या मुलीला मराठी कळत नाही म्हणून पुन्हा हसले असते. मी तोंड उघडलं आणि इंग्रजीत जे सांगितलं ते मराठीत असं होईल: आमचा म्हातारा सुकून गेलेला नावाडी आहे, चिखलात रुतलाय, होडी आता दुसरं कुणीही हाकेल.

“ड्राइड अप?” निरीक्षकांनी विचारलं.

“येस सर.”

“शी सेड दॅट? ड्राइड अप?”

“येस सर.”

त्यांनी वहीत लिहून त्याखाली रेघ ओढली.

मला लोकांची तोंडं बघायची सवय आहे. फार न बोलणाऱ्यांना ती लागते. ज्या माणसाला आपण मोडीत काढतो त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, मावशीच्या तोंडावर तर ओवाळायला निघाल्यासारखा भाव होता, हे सगळं मला दिसलं होतं. दिसूनही मी ते वाक्य दिलं. कारण ते वाक्य माझ्या मताशी जुळत होतं. चुकीचा शब्द मनात इतक्या सहज बसला, याचं मला तेव्हा आश्चर्यही वाटलं नाही.

महिन्याभराने नवे नेते नेमले गेले. तरुण, दणक्या आवाजाचे. पाठोपाठ एका मराठी वर्तमानपत्रात बातमी आली. निरीक्षकांच्या अहवालात ‘सुकलेले नेतृत्व’ असा उल्लेख असून, हे शब्द बेलापूर भागातल्या एका ज्येष्ठ कोळी कार्यकर्तीचेच आहेत. नाव नव्हतं. पण बेलापूर भागात ज्येष्ठ कोळी कार्यकर्ती एकच होती.

ती सकाळीच आमच्याकडे आली. माशांची पाटी दाराबाहेर ठेवली, चपला काढल्या आणि आत येऊन वर्तमानपत्राची ओलसर घडी वडिलांसमोर टाकली. तिला वाचता येत नव्हतं. गावातल्या कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

“दादा, मी काय बोलली न ह्यांनी काय छापलं? धक्क्यावर बाया मना काय बोलतान, म्हाइत हाय? काय गो, म्हाताऱ्याला सुकवलास, आता मीठ लावून वाळत घाल. जो मानूस माझ्या धक्क्यासाठी भांडला त्याला मी सुकट बोलीन?”

“तुम्ही काय बोललात, मावशी? मी तेव्हा चहाचं बघायला बाहेर गेलो होतो,” वडील म्हणाले.

तिने सांगितलं. मग सुकती म्हणजे काय तेही सांगितलं, कारण वडीलही खाडीकाठचे नव्हते. सुकती म्हणजे ओहोटी. पाणी उतरलं की खाडीत चिखल उघडा पडतो आणि मधे एखादीच पाण्याची वाट उरते. ती कुठून जाते हे ज्या तांडेलाला ठाऊक असतं तोच होडी बाहेर काढतो. बाकीचे चिखलात रुतून भरतीची वाट बघत बसतात. “आपल्या पार्टीची आता सुकतीच हाय ना, दादा? म्हनून बोलली मी. म्हाताराच पायजे.”

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मावशीनेही.

“तूच व्हतीस ना गो बाय तिथं? तू काय सांगितलंस त्या साहेबाला?”

तेव्हा तरी बोलता आलं असतं. घरात तिघंच होतो, हसायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, “मी बरोबरच सांगितलं होतं. त्यांनी लिहून घेताना चूक केली असेल.”

वडिलांचा चेहरा मोकळा झाला. मावशी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “आसंल.” चहा न पिता गेली.

त्याच संध्याकाळी वडिलांनी निरीक्षकांना पाठवायचं पत्र मला सांगायला घेतलं. रागावले की त्यांची मराठी फार छान होते. तुम्ही एका निष्ठावंत स्त्रीचे शब्द फिरवलेत, आमच्या मुलीने केलेलं अचूक भाषांतर तुम्ही सोयीप्रमाणे वळवलंत. मी ते इंग्रजीत करून टाइप केलं. ‘अचूक’ला कोणता शब्द घ्यावा यावर थोडा विचारही केला. सकाळी कॉलेजला जाताना ते पत्र मीच पेटीत टाकलं.

उत्तर आलं त्या दिवशी मी घरी पोहोचले तर वडील कारखान्यातून लवकर आलेले. लिफाफा उघडलेला होता. “वाच,” ते म्हणाले, “काय म्हणतायत बघू.”

पत्र एका पानाचं होतं. निरीक्षकांनी वहीतला मजकूर जसाच्या तसा उतरवून पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं की त्या शब्दांबद्दल त्यांना स्वतःलाच शंका आली होती, म्हणून त्यांनी मुलीला दोनदा विचारलं आणि तिने दोन्ही वेळा होकार दिला. अत्यंत सभ्य पत्र होतं. मी डोळ्यांनी एकदा वाचलं आणि मग मोठ्याने मराठीत सुरुवात केली. “ते म्हणतायत की गडबडीत त्यांच्याकडून…”

“असं नाही लिहिलेलं,” वडील म्हणाले.

मी खाली पाहिलं. ‘ट्वाइस’ या शब्दाखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. टेबलावर त्यांचा इंग्रजी-मराठी कोश उघडा पालथा पडला होता. दुपारभर बसून त्यांनी एकेक शब्द लावला होता, आणि तरीही पत्र माझ्या हातात दिलं होतं.

ते ओरडले नाहीत. त्यांनी कोश मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “तुला कळलं नाही, यात काही नाही. मलाही तो शब्द ठाऊक नव्हता. पण तू मला त्या माणसाला खोटं पाडायला लावलंस. माझ्या सहीनं.” आणि आत जाऊन शर्ट घालून आले. “चल. दिवाळ्याला.”

मावशी घरासमोर सुकी मासळी गोळा करत होती. वडील मागे थांबले. मी तिला सगळं सांगितलं. शब्द कळला नाही, विचारलं नाही, आणि नंतर घरी खोटं बोलले. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

“मना तवाच कळलं व्हतं,” ती म्हणाली. “तुमच्या घरी. तुझं तोंड बगून.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“तुझ्या बापासमोर? त्याला केवढं कवतिक तुझं. मी वरीस-दोन वरीस शिव्या खाईन, काय मरत नाय. त्याचं काय झालं आसतं?”

मागे वडिलांनी हे ऐकलं की नाही ते मला माहीत नाही. मी वळून पाहिलं नाही. मी रडायला लागले तेव्हा मावशी वैतागली. “आता रडू नको. माशांना पानी लागंल.” मग तिने मला धक्क्यावर नेलं, बायकांसमोर उभं केलं आणि तेच सगळं पुन्हा बोलायला लावलं. बायका हसल्या. हसल्याने काही होत नाही हे तेव्हा कळलं, पण त्याचा आता उपयोग नव्हता. मावशीने शेवटी एकच गोष्ट मागितली. “म्हाताऱ्याला कळव. पत्तर नको धाडू. सोता जा. मी काय बोलली ते त्याला सांग.”

आता नवे नेते आले होते. ते रोज विधानसभेत गरजत आणि रोज सभात्याग करत. वर्तमानपत्रात फोटो येत. त्या दिघ्याच्या कामगाराचं बरोबर होतं. लोकांना पक्ष पुन्हा दिसू लागला होता. पण दिवाळ्याच्या धक्क्याचा प्रश्न पुकारला गेला त्या दिवशी आमची दोन्ही बाकं रिकामी होती, सगळे बाहेर पायऱ्यांवर घोषणा देत होते. प्रश्न विचारणारा हजर नाही म्हणून तो प्रश्नच बाद झाला. तेव्हा त्या काळाला कोण शोभत होतं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. गरजणाराही लागतो. एवढंच की ज्या माणसांना ते ठरवायचा हक्क होता त्यांच्यातल्या एकीचं मत मी उलटं करून दिलं.

म्हाताऱ्या नेत्यांची मुंबईत आमदार निवासात एक खोली होती. मी वाक्य मराठीत लिहून नेलं होतं, ऱ्हस्व-दीर्घ वडिलांकडून तपासून. ते पलंगावर बसून छापील कागदांना सुईदोरा घालत होते. मी आधी मावशीचे शब्द वाचून दाखवले, मग माझी चूक सांगितली, मग खोटेपणा. त्यांनी कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. ओठ हलवत, दोनदा.

“सुकतीचा तांडेल,” ते म्हणाले. “मावशी असं म्हणाली?”

“हो.”

“पद जाणारच होतं. दिल्लीचं आधीच ठरलं होतं. तुमच्यामुळे गेलं असं समजू नका.” मला हायसं वाटायच्या आत ते पुढे म्हणाले, “हे वाक्य मात्र मला त्याच वेळी मिळायला हवं होतं. ते दिवस जरा वाईट गेले.”

मी मान खाली घातली.

“एक विचारू? तुमचं स्वतःचं मत काय होतं तेव्हा? मी राहावं की जावं?”

इतक्या दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. खोटं बोलायची आता हिंमत नव्हती. मी म्हटलं, “जावं असं वाटत होतं.”

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. वर्गात उत्तर बरोबर आल्यावर मास्तर हलवतात तशी हलवली.

“मग ते तुमच्या तोंडानं सांगायचं. उठून उभं राहायचं आणि सांगायचं. मी ऐकून घेतलं असतं. मावशीच्या तोंडात का घातलंत?”

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, सुईत पुन्हा दोरा ओवायला घेतला, आणि दोरा जाईना म्हणून सुई माझ्या हातात दिली. मी ओवून दिली आणि निघाले.